फ्रँकफुर्टची सवाष्ण

तिसऱ्या ट्रेमधलं एक नाणं चमकत होतं, आणि जुनं नाणं चमकायला लागलं की श्यामला धास्तावते. चारचौघींचं असं नसतं. चांदी काळवंडली की ती कधी एकदा घासून लख्ख करते असं त्यांना होतं, आणि देवघरातलं निरांजन श्यामलासुद्धा दिवाळीआधी विभूतीनं घासते, मग हात लांब करून कौतुकानं बघते. पण निरांजन वेगळं आणि हे वेगळं. हे जर्मनीतले चांदीचे थालर होते, दीडशे वर्षांहून जुने, आणि त्यांच्यावर करडी-निळी झाक चढलेली होती, कडेला तपकिरी होत गेलेली, हिवाळ्यात कलकत्त्यात, सॉल्ट लेकच्या आभाळाला संध्याकाळी येते तशी. ही झाक कुणाला आणता येत नाही. ती नुसती वाट बघून येते. आणि जाते मात्र एका मिनिटात, एका चिंधीनं, एखाद्या कामसू हातानं. एकदा का नाणं धुतलं की संपलं. मग त्याच्यावर कोरलेलं सगळं जागच्या जागी असलं तरी जाणकार माणूस ते हातात घेतो, हं म्हणतो आणि खाली ठेवतो. श्यामलानं ट्रे खिडकीशी नेला, चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळ्याला भिंग लावलं. नाण्यावरच्या बाईच्या गालावर बारीक बारीक गोल ओरखडे उठले होते. पुदिन्याचा वास येत होता. आणि वळवून बांधलेल्या तिच्या केसांत, जिथून केसांची रेघ मागे जाते तिथे, खोलगटीत अडकून राहिलेला लाल रंग होता. श्यामलानं भिंग पुसलं आणि पुन्हा लावलं. शेंदूर. फ्रँकफुर्टच्या बाईचा भांग कुणीतरी भरला होता.

कुणीतरी म्हणजे कोण, हे विचारायची गरजच नव्हती. घरात माणसं चार. नवऱ्यानं, चारुदत्तानं, गेल्या तीस वर्षांत स्वतःचे मोजे शोधायलासुद्धा कधी खण उघडलेला नाही. विहंगला आईच्या नाण्यांचं अप्रूप वयाच्या सातव्या वर्षी संपलं, नाण्यांत चॉकलेट नसतं हे कळलं त्या दिवशी. उरली सून, पारमिता. चार दिवसांपूर्वी कोजागरी झाली होती. श्यामलानं केशर-वेलची घालून दूध आटवलं आणि गच्चीवर नेऊन ठेवलं. पण बंगालात ही रात्र लक्ष्मीची, आणि पारमिताची लग्नानंतरची ती पहिली. दुपारीच ती स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहिली होती, हात मागे बांधून. "मा, मी आमच्या खोलीत छोटीशी पूजा करू? फारच छोटी." श्यामला म्हणाली होती, "कर ना. विचारायचं काय त्यात? तुझंच घर आहे." मग तांदळाच्या पिठानं काढलेली लक्ष्मीची पावलं जिन्यापासून त्यांच्या खोलीपर्यंत गेली, इतकी कडेकडेनं, की जणू लक्ष्मीलाही वाटेत कुणाच्या पायात येऊ नये अशी ताकीद दिलेली होती. खोलीत वेताची टोपली, तिच्यात धान्य, कवड्या, लहानसा आरसा, आणि तेलात कालवलेला शेंदूर माखलेलं चांदीचं नाणं. ते बघायला श्यामला गेली होती. बघून "छान" म्हणाली होती. शेंदराखाली काय आहे ते तिच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं.

तिनं विहंगला फोन लावला. सेक्टर फाइव्हमधल्या त्याच्या ऑफिसातून तो नेहमी कुजबुजत बोलतो, जणू घरून फोन येणं हा गुन्हाच.

"पारमिताला माझ्या संग्रहातलं नाणं घे म्हणून तू सांगितलंस?"

"हो. पूजेला चांदीचं हवं होतं म्हणाली. तुझ्याकडे ढीगभर आहेत की."

"ढीगभर."

"का, हरवलं?"

"नाही. जागेवर आहे."

"मग झालं तर. आई, मी मीटिंगमध्ये आहे."

जागेवर होतं, हे खरंच. पारमितानं ते धुऊन, घासून, कोरडं करून बरोब्बर त्याच खाचेत, बाई वर आणि गरुड खाली असं ठेवलं होतं. ती शाळेत भूगोल शिकवते. वस्तू होती तिथे ठेवायची हे तिच्या अंगातच आहे. हा नीटनेटकेपणा श्यामलाला ओरखड्यांपेक्षा जास्त लागला.

हे नाणं तिचं पहिलं होतं. चारुदत्ताच्या बँकेनं त्याला कलकत्त्याला पाठवलं तेव्हा श्यामला अठ्ठावीस वर्षांची होती. तिला बंगाली येत नव्हतं, हिंदी येत होतं ते मिरजेचं, आणि दिवस फार लांब असायचे. एका रविवारी रसेल स्ट्रीटवरच्या एका लिलावघरात ती दोघं कपाट घ्यायला गेली आणि आरशाचं टेबल घेऊन आली, कारण कपाटाची बोली चारुदत्ताला वेळेवर ऐकूच आली नाही. टेबलाचा खण अडकत होता. तो उपसला तेव्हा मागच्या फटीतून हे नाणं पडलं. राणी असावी असं तिला वाटलं. पुढे कितीतरी दिवसांनी जर्मन ग्रंथालयात बसून, शब्दकोशात एकेक शब्द लावताना तिला कळलं, की ही राणी नव्हे. ही कुणाची बायको नाही, मुलगी नाही. हे शहर आहे. फ्रँकफुर्ट या स्वतंत्र शहरानं आपलं नाणं पाडताना आपल्याला राजा नाही म्हणून एका बाईचा चेहरा घातला. श्यामला त्या दिवशी ट्रामनं घरी आली ती सबंध रस्ताभर खिडकीतून कलकत्त्याकडे बघत. पहिल्यांदाच तिला वाटलं, की याही शहराला चेहरा असेल, आणि तो आपल्याला अजून दिसला नाही एवढंच. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सुटलेली, लग्न झालेली, नवऱ्याच्या बदलीमागून आलेली बाई एका नाण्याच्या मागे लागून एका देशाचा इतिहास वाचायला लागली. तेव्हा जर्मनी म्हणजे एक देश नव्हताच. पाचपन्नास संस्थानं, ज्याचा त्याचा राजा, ज्याच्या त्याच्या मिशा. पण सगळ्यांनी मिळून एक करार केला होता: चेहरा तुमचा, वजन सगळ्यांचं एक. एक पौंड शुद्ध चांदीतून तीस नाणी. एकमेकांशी न पटणाऱ्या माणसांनी निदान वजनाच्या बाबतीत लबाडी करायची नाही असं ठरवावं, हे तिला फार आवडलं. ते तिनं चारुदत्ताला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बँकेत आम्ही रोज हेच करतो." त्यानंतर तिनं त्याला फारसं काही सांगितलं नाही.

पुढची गोष्ट मात्र तितकी गोड नव्हती. करारानंतर दहा वर्षंही झाली नाहीत तोच प्रशियानं फ्रँकफुर्ट गिळलं. स्वतंत्र शहर संपलं, नाण्यावरची बाई गेली, आणि तिच्या जागी कल्ले राखलेला एक राजा आला. श्यामलाच्या ट्रेमध्ये ती दोघं शेजारी शेजारी होती. आज पहिल्यांदा त्या राजाकडे बघताना तिच्या मनात असा विचार आला, की तो सोडता येईना: तोही म्हणाला असेल का, तुमचंच घर आहे म्हणून?

कारण पारमिता आल्याला वर्ष होत आलं होतं, आणि ती अजून फ्रीज उघडण्याआधी विचारत होती. मा, हे दूध घेऊ? मा, खिडकी लावू? मा, मी आज उशिरा आंघोळ केली तर चालेल? लग्नात तिच्या आजीनं, तिच्या दिदानं, विहंगकडे बोट दाखवून सगळ्यांना हसवलं होतं, की जुन्या काळी बर्गी यायचे ते धान्य न्यायचे, आताचे पोरगी नेतात. बर्गी म्हणजे घोड्यावरून लुटायला येणारे मराठे. बंगालातलं पोरसुद्धा त्यांच्या नावानं गप्प होतं. श्यामलाही हसली होती आणि मनाशी ठरवलं होतं, की या पोरीला बर्गीच्या घरात आल्यासारखं एक दिवस वाटू द्यायचं नाही. कधी एका शब्दानं दुखवायचं नाही. ती दुखवत नव्हतीच. तरी गेल्या आठवड्यात विहंगनं, नखं कुरतडत, न्यू टाउनमध्ये एक फ्लॅट बघितल्याचं सांगितलं. "तिला इथे मोकळं वाटत नाही गं आई. तू काही करत नाहीस हे तिलाही माहितीय. पण नाही वाटत." तेव्हा श्यामला म्हणाली, "बघा की. जवळच आहे." आणि मग रात्रीचा भात लावताना तिनं पाणीच घातलं नाही.

आणि आता हे नाणं. वर्षभरात पोरीनं न विचारता उघडलेला हा पहिला खण. श्यामलाला ही गोष्ट दोन्ही बाजूंनी दिसत होती, नाण्यासारखीच, आणि एक बाजू बघताना दुसरी दिसेनाशी होत होती. बोलले तर ती या घरातला दुसरा खण कधी उघडणार नाही. जाईल न्यू टाउनला, येईल दर रविवारी मिठाई घेऊन, सोफ्याच्या कडेवर बसेल, "मा, कशा आहात?" विचारेल, आणि तिचं आणि माझं नातं तिथेच, त्या सोफ्याच्या कडेवर संपेल. नाही बोलले तर? नाही बोललं की झालं. मोठ्या मनानं गिळायचं. श्यामलाला गिळता येतं. तिनं नाणं रुमालात गुंडाळलं, पर्समध्ये टाकलं आणि ती घराबाहेर पडली. का, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. ज्या घरात गप्प राहायचं ठरवलेलं असतं, त्या घरात बसवत नाही.

मेट्रोनं सियालदह, तिथून बसनं बागबाजार. दुर्गापूजा संपल्यामुळे रस्त्यारस्त्यांत मांडव उतरत होते. परवापरवापर्यंत ज्याला राजवाडा म्हणून लोक रांगा लावून बघत होते त्याचे आज बांबू झाले होते आणि दोन माणसं ते सायकलगाडीला बांधत होती. श्यामला ज्यांच्याकडून नाणी घेई ते शरच्चंद्र शील ऐंशीच्या पुढे गेले होते. घराच्या खालच्या मजल्यावर नाणी आणि तिकिटं यांच्यामध्ये ते बनियन घालून बसत. ते बंगालीत बोलत, तिला बौदी म्हणजे वहिनी म्हणत, आणि श्यामला तिच्या हिंदीत उत्तर देई. इतक्या वर्षांत दोघांनाही त्यात काही विचित्र वाटेनासं झालं होतं.

"आले, बर्गी आले," ते नेहमीसारखे म्हणाले. "तुम्हाला अडवायला आमच्या लोकांनी इथूनच खंदक खणायला घेतला होता, बौदी. अर्धाच खणला. उरलेल्या अर्ध्यातून तुम्ही येता."

श्यामलानं रुमाल सोडला. त्यांनी नाणं कडेनं उचललं, भिंगाखाली धरलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओसरत गेलं.

"कुणी केलं हे?"

"मी," श्यामला म्हणाली. तोंडातून ते आपसूकच आलं आणि तिला स्वतःलाच नवल वाटलं. आपण कुणासाठी खोटं बोलतो? परक्या माणसासाठी कुणी खोटं बोलत नाही.

"तुम्ही? तुम्ही तर नाण्याकडे बघताना श्वास धरून ठेवता."

"चुकून झालं."

"टूथपेस्ट चुकून कशी लागते? दात समजलात?" त्यांनी नाणं उजेडाकडे फिरवलं. "आणि हा शेंदूर? हाही चुकून?" मग त्यांनी भिंगावरून तिच्याकडे पाहिलं. "सून बंगाली आहे ना तुमची?"

श्यामलानं रुमालाची घडी सरळ केली.

"काय म्हणालात तिला?"

"काही नाही. एक अक्षर नाही."

"अरे बापरे," शरदबाबू म्हणाले, आणि भिंग खाली ठेवलं. "म्हणजे फारच राग आलाय."

"राग नाही हो. उलट मी—"

"काही न म्हणण्याइतका राग. माझ्या बायकोला वर्षातून एकदा यायचा. त्यापेक्षा बशी फेकली असती तर बरं झालं असतं." त्यांनी नाणं परत रुमालात ठेवलं. "हे आता गेलं. कितीही हळहळलात तरी गेलं."

"पुन्हा काळं नाही व्हायचं?"

"होईल की. कलकत्त्याची हवा आहे, इथे सगळंच काळं होतं. फक्त ते बघायला मी नसणार आणि तुम्हीही नसणार. ती बघेल कदाचित. तरुण आहे."

परतताना सियालदहला श्यामला उतरली आणि मेट्रोच्या जिन्याकडे जायचं सोडून उभीच राहिली. बारासातहून, कॅनिंगहून, कुठून कुठून आलेल्या गाड्यांतून माणसं उतरत होती, तिच्या दोन्ही बाजूंनी पाण्यासारखी वाहत होती, डोक्यावर टोपल्या, हातात कोबीच्या गोण्या, आणि एक बाई तिला खांदा मारून ओरडली, "ओ दीदी, खांब आहात का?" श्यामला बाजूला झाली. काही न म्हणण्याइतका राग. हे तिनं कुठेतरी पाहिलं होतं, आतून पाहिलं होतं, आणि इतकी वर्षं त्याला दुसऱ्याच नावानं ओळखत होती. मिरज. लग्नानंतरचा पहिला महिना. सासूबाईंचं शिलाई मशीन, त्यांच्या माहेरचं, लाकडी झाकणाचं. सासूबाई लग्नघरच्या आहेरांच्या मागे, आणि श्यामलाला वाटलं, आपण काहीतरी करून दाखवावं. मशीन कुरकुरत होतं. तेल द्यायचं असतं एवढं तिला माहीत होतं. कुठलं, ते माहीत नव्हतं. तिनं स्वयंपाकघरातलं गोडेतेल आणलं आणि जिथे जिथे भोक दिसलं तिथे तिथे मोठ्या प्रेमानं सोडलं. आठवड्याभरात मशीनचा गोंद झाला. चाक हलेना. सासूबाईंनी बोट लावून पाहिलं, बोट हुंगलं, आणि श्यामलाकडे पाहिलं. त्या काही बोलल्या नाहीत. एक अक्षर नाही. मेकॅनिक आला, मशीन खोललं, रॉकेलनं धुतलं, पुन्हा जोडलं. सासूबाईंनी लाकडी झाकण बसवलं, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. एवढंच. सगळी आळी म्हणायची, श्यामलाला काय सासू मिळाली, इतक्या वर्षांत आवाज चढलेला कुणी ऐकला नाही. श्यामलाही तेच म्हणायची. माहेरी सांगायची, मैत्रिणींना सांगायची, आणि सुट्टीत मिरजेला गेली की पलंगाच्या कडेवर बसायची, चहा करू का असं विचारून चहा करायची, आणि मशीनच्या खोलीत तिनं पुन्हा पाऊल टाकलं ते सासूबाई गेल्यावर. तेव्हा ती किल्ली तिच्या हातात आली होती. ती तिनं चारुदत्ताच्या बहिणीला देऊन टाकली. सासूबाईंवर तिचा राग नव्हता. रागावण्याइतकी ओळखच झाली नव्हती.

आता सियालदहच्या त्या लोंढ्यात खांबाआड उभी असताना श्यामलाला कुणीतरी खांदा मारावा तसं ते कळलं. त्या एकदा, एकदाच, ओरडल्या असत्या तर! अगं गाढवे, मशीनला कुणी गोडेतेल घालतं का, माहेरी भजी तळायची का त्यावर? आपण रडलो असतो, दोन दिवस जेवलो नसतो, आणि तिसऱ्या दिवशी त्या घरातल्या झालो असतो. आणि ती, श्यामला, त्याच बाईच्या मऊ आवाजात वर्षभर एका पोरीला सांगत होती: कर ना, तुझंच घर आहे. कमरेला किल्ली खोचून.

मेट्रोत तिला जागा मिळाली. पर्स मांडीवर घट्ट धरून ती भांडणाची तयारी करत होती. तयारी करून भांडायची तिला सवय नव्हती. खरं म्हणजे भांडायचीच नव्हती. समजा पोरगी कोसळली तर? समजा आजच बॅग भरली तर? भूगोल शिकवणारी मुलगी, वाट शोधायला तिला वेळ लागणार नाही. पण न भांडता ती गेली तर कायमची गेली, हे श्यामलाइतकं कुणाला माहीत होतं?

पारमिता शाळेतून आली तेव्हा जेवणाच्या टेबलावर रुमाल होता आणि रुमालावर नाणं. तिची पिशवी खांद्यावरच राहिली.

"मा..."

"हे तू केलंस?"

"सॉरी, मा. फार सॉरी. मी पुन्हा कधी हात लावणार नाही."

"तेच! तेच म्हणायचं नाही!" श्यामलाचा आवाज फाटला आणि वर गेला, तिला माहीत नव्हतं इतका वर. "अगं बावळट मुली, टूथपेस्ट? दीडशे वर्षांच्या चांदीला टूथपेस्ट? दूध घेताना विचारतेस, खिडकी लावताना विचारतेस, आणि हे विचारलं नाहीस? इतकी वर्षं जपलं मी ते! चारुदत्तालासुद्धा हात लावू दिला नाही!"

पारमिताच्या डोळ्यांत पाणी आलं. श्यामला थांबणारच होती. जिभेवर आलंही होतं, जाऊ दे गं, एवढं काही नाही. तेवढ्यात त्या पाण्याच्या मागून दुसरंच काहीतरी वर आलं, आणि पारमितानं पिशवी खुर्चीवर आपटली.

"कुणाला विचारू? तुम्ही सांगता का काही कधी? भात कच्चा राहिला, तुम्ही म्हणता छान. आमटीत मी मीठ दोनदा टाकलं, बाबा पाणी पितायत, विहंग पाणी पितोय, आणि तुम्ही म्हणता छान झालीय! मला काय जीभ नाही? पाहुण्यांना म्हणतात असं! मी वर्षभर वाट बघते, की आता तुम्ही ओरडाल, आता ओरडाल. तुम्ही ओरडतच नाही! मला काय कळणार तुम्हाला काय आवडतं, काय नाही?"

"म्हणून टूथपेस्ट?"

"मग काय लावू? तेल निघत नव्हतं!"

"तेल लावलंसच कशाला?"

"लावतात!"

"नाण्याला?"

"लक्ष्मीला!"

"आणि इतक्या नाण्यांतून तुला नेमकं हेच सापडलं?"

"बाकी सगळे मिशावाले म्हातारे!" पारमिता ओरडली. "मिशावाल्याला लक्ष्मी म्हणून बसवू?"

श्यामलाच्या घशात हसू आलं. तिनं ते दाबलं. हे अर्ध्यात सोडून चालणार नव्हतं.

"आणि अजून सांगू?" पारमिता आता बंगालीत, मराठीत, जे हाताला लागेल त्यात बोलत होती. "लक्ष्मीच्या टोपलीत घातलेलं नाणं काढत नाहीत. कधीच नाही. पूजेनंतर विहंगनं सांगितलं, की तुम्ही ही नाणी कुणाला दाखवतसुद्धा नाही. मग मी घाबरले. मी माझ्या लक्ष्मीचं नाणं काढलं, मा. तुमच्या भीतीनं. चार दिवस मला झोप नाही. माझ्या दिदाला कळलं तर ती मला दारात उभी करणार नाही!"

खिडकीतून रस्त्यावरच्या फेरीवाल्याची आरोळी आली आणि विरून गेली. दोघी टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या होत्या, धापा टाकत, जिना चढून आल्यासारख्या. श्यामलाला वाटलं होतं ओरखडे एकाच वस्तूवर उठले आहेत. ही पोरगी चार दिवस भिंतीपलीकडे तळमळत होती, आणि आपण चांगुलपणा करायच्या तयारीत होतो.

"मला भितेस?" तिनं विचारलं.

"मग? तुम्ही रागावतच नाही."

श्यामलानं नाणं बोटानं तिच्याकडे सरकवलं. "घे. टोपलीत ठेव. माझ्या संग्रहातून ते गेलंच."

पारमितानं हात पुढे केला नाही. "मनापासून देताय की रागावून?"

श्यामलानं खरंच विचार केला. "रागावून."

"मग घेते," पारमिता म्हणाली आणि तिनं नाणं उचललं. "पण टूथपेस्टवरून मला पुन्हा बावळट म्हणायचं नाही."

"म्हणणार. मरेपर्यंत म्हणणार."

पारमिता तरातरा आपल्या खोलीत गेली, तिथून स्वयंपाकघरात गेली, आणि मग आतून आवाज यायला लागले. पातेलं ओट्यावर आलं ते दणकन. डबा कपाटात गेला ते दार आपटून. चमचे भांड्यात नुसते ओतले गेले. श्यामला खुर्चीत बसली. फ्लॅटचं काय होईल ते तिला माहीत नव्हतं. घेतील कदाचित, जातीलही. तिनं डोळे मिटून घेतले आणि ती एकेक भांडं ओळखत राहिली: ही परात, ही कढई, हा प्रेशर कुकर.

चारुदत्त फिरून आला, गरम सामोशांचं पुडकं घेऊन, आणि दारातच थबकला.

"काय चाललंय?" त्यानं कुजबुजत विचारलं.

"भांडण."

"कुणाचं?"

"आमचं."

"तू भांडलीस?" तो तिच्याकडे असा बघायला लागला, जणू तिनं घोडा विकत आणला होता. "मी मध्ये पडू का?"

"खबरदार."

आत एक झाकण फरशीवर पडलं. ते कडेवर गरगर फिरलं, फिरता फिरता खाली खाली येत गेलं, आणि शेवटी थरथरून आडवं झालं.

"मी उचलणार नाही!" पारमिता आतून ओरडली.

"नको उचलूस!" श्यामला तितक्याच जोरात ओरडली. "पडू दे तिथेच!"

समोरच्या घरातल्या बाई खिडकीत येऊन बघायला लागल्या. एरवी श्यामलानं झटकन उठून पडदा ओढला असता.